तुकड्यांचा अखंड काप : पुनर्रचित मांस, बंधक द्रव्ये आणि अन्नसुरक्षेचा प्रश्न – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

आहाराच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने पिके, दुष्काळ, मसाल्याचा व्यापार आणि जातीधर्मांचे अन्नविषयक निर्बंध यांकडे जाते. विसाव्या शतकात कारखान्याने अन्नपदार्थाचे रूपच कसे बदलले, हा विषय मात्र अन्नतंत्रज्ञानाचा मानून बहुधा इतिहासाच्या कक्षेबाहेर ठेवला जातो. ही विभागणी सोयीची असली तरी योग्य नाही. एखादा पदार्थ कशाला म्हणावे, तो कसा शिजवावा आणि तो खाऊन कोणी आजारी पडल्यास जबाबदार कोण, हे प्रश्न प्रयोगशाळेत निर्माण होतात. त्यांचा निवाडा मात्र बाजारात, न्यायालयात आणि संसदेत होतो. मांसाचे लहान तुकडे बंधक द्रव्याने चिकटवून त्यांपासून अखंड दिसणारा 'स्टेक' तयार करण्याच्या तंत्राचा इतिहास याचे एक बोलके उदाहरण आहे. प्रस्तुत लेखात अमेरिका, जपान आणि युरोप येथील या तंत्राच्या वाटचालीचा आणि त्यासंबंधीच्या नियमनाचा आढावा घेतला आहे.

आरंभी एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. 'स्टेक' म्हणजे जनावराच्या स्नायूचा, तंतूंना आडवा छेद देऊन काढलेला जाड काप. आपल्याकडील सागुती किंवा रस्सा यांत मांस पूर्ण शिजविले जाते. स्टेकची रीत याहून वेगळी आहे. तो तव्यावर किंवा निखाऱ्यावर दोन्ही बाजूंनी भाजतात आणि खाणाऱ्याच्या आवडीप्रमाणे आतून लालसर, रसरशीत ठेवतात. ही केवळ चैन नव्हे, तिला एक आधार आहे. निरोगी जनावराच्या अखंड स्नायूचा अंतर्भाग सर्वसाधारणतः जीवाणूविरहित असतो. कत्तलीच्या व कातडे काढण्याच्या वेळी जी घाण लागते ती पृष्ठभागावर. पृष्ठभाग भाजला गेला की धोका बहुतांशी संपतो. आतून कच्चा स्टेक पिढ्यान्पिढ्या निर्धास्तपणे खाल्ला गेला तो या आधारावर, जरी खाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना तो ठाऊक असेल. पुढील सर्व विवेचनाचा धागा या एका गोष्टीशी बांधलेला आहे.

मांसाचे अर्थशास्त्र आणि लष्कराची गरज :

जनावराच्या शरीरात स्टेकला योग्य असे मऊ मांस थोडेच असते. पाठीचा व कमरेचा भाग त्यासाठी उत्तम. खांदा, मान आणि पायांचे मांस चिवट. वयस्क गाईचे तर बहुतेक मांस खिम्याच्याच लायकीचे. खाटकाच्या दृष्टीने पाहता एकाच जनावरातील एक भाग चढ्या भावाने जातो आणि उरलेला मोठा भाग स्वस्तात द्यावा लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मांसाहाराची मागणी वाढली, उपाहारगृहांच्या साखळ्या वाढल्या आणि ही दरी अधिकच जाणवू लागली. स्वस्त मांसाला महाग मांसाचे रूप देता आले तर त्यातील नफा उघड होता.

अमेरिकी लष्कराला हाच प्रश्न वेगळ्या बाजूने भेडसावत होता. हजारो सैनिकांना एकाच वजनाचा, एकाच जाडीचा, हाडे व चरबीचा अपव्यय नसलेला तुकडा वाढावयाचा होता आणि तोही कमी खर्चात. मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॅटिक येथील लष्करी प्रयोगशाळेने १९६० आणि १९७० च्या दशकांत मांसउद्योगाच्या सहकार्याने या दिशेने प्रयोग केले. स्वस्त मांसाचे पातळ पापुद्रे करावयाचे, त्यांत थोडे मीठ व फॉस्फेट घालून ते चिकट होईपर्यंत मळावयाचे, लांब आवरणात भरून गोठवावयाचे, दाब देऊन आकार द्यावयाचा आणि मग कापावयाचे, अशी ही पद्धत होती. डुकराच्या मांसात या विचाराची सुरुवात थोडी आधी झाली होती. मांस यंत्रात घोळवून त्यातील प्रथिने बाहेर आणण्याच्या प्रक्रियेला अमेरिकेत १९६३ साली पेटंट मिळाले होते आणि 'हॅम'चे तुकडे जोडून एकसंध गोळा तयार करण्याची रीत रूढ होऊ लागली होती.

नेब्रास्का विद्यापीठातील प्राध्यापक रॉजर मँडिगो यांचे नाव या इतिहासात ठळकपणे येते. डुकरे पाळणाऱ्या उत्पादकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या आर्थिक साहाय्याने त्यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी खांद्याच्या स्वस्त मांसापासून ठरावीक आकाराचा काप बनविण्याचे तंत्र विकसित केले. मॅकडोनाल्ड्सने १९८१ मध्ये 'मॅकरिब' हा पदार्थ बाजारात आणला तो याच तंत्राच्या आधारे. बरगड्यांचा आकार असलेला, पण एकही हाड नसलेला हा काप चांगला प्रसिद्ध झाला. मँडिगो यांनी स्वतः या तंत्राचे सारे श्रेय कधी घेतले नाही. सॉसेज बनविणाऱ्यांना मीठ आणि मांसाचे हे नाते शतकानुशतके ठाऊक आहे, असे ते सांगत. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, तथापि त्यात एक महत्त्वाची गोष्ट सुटते. सॉसेज हे सॉसेज म्हणूनच विकले जाते. आपल्याकडील शामी कबाबातही खिमा बांधून ठेवण्यासाठी हरभऱ्याची डाळ वापरतात, पण तो कबाब अखंड मांसाचा असल्याचा दावा कोणी करीत नाही. नव्या तंत्राचे वैशिष्ट्य बांधण्यात नव्हते, लपविण्यात होते.

मिठाचे बंधन आणि त्याच्या मर्यादा :

मीठ मांस कसे बांधते याचा उलगडा होण्यास बराच काळ लागला. स्नायूतील मायोसिन हे प्रथिन खाऱ्या पाण्यात विरघळते. मळताना ते तुकड्यांच्या पृष्ठभागावर चिकट थरासारखे जमा होते आणि उष्णता मिळताच घट्ट होऊन तुकड्यांना एकमेकांशी सांधते. ऑस्ट्रेलियातील संशोधनात मॅकफार्लेन, श्मिट आणि टर्नर यांनी १९७७ साली स्नायूतील निरनिराळी प्रथिने वेगवेगळी काढून त्यांच्या बंधनशक्तीची तुलना प्रसिद्ध केली आणि मायोसिनचे महत्त्व सिद्ध केले.

या बंधनाची अट मात्र त्याच्या व्याख्येतच होती. ते उष्णतेने पक्के होते, कच्चेपणी नाही. मिठाने बांधलेला कच्चा काप खाटकाच्या दुकानात मांडला तर उचलतानाच तुटणार; म्हणून तो गोठवलेल्या स्थितीतच विकावा लागे. दुसरा दोष मिठाचाच. मिठामुळे मांसातील चरबीचे ऑक्सिडीकरण वेगाने होते, खवट वास येतो आणि लाल रंग तपकिरी पडतो. फॉस्फेटने हे काही प्रमाणात आवरता येते, पूर्णपणे नाही. रंग पाहून मांस निवडणाऱ्या गिऱ्हाइकाला असा काप विकणे अवघडच होते. गुणवत्तेचा हा प्रश्न सुटला नसता तर पुनर्रचित स्टेक सैनिकांच्या ताटात आणि शाळांच्या भोजनगृहांतच राहिला असता, आणि कदाचित पुढील बराच वाद उद्भवला नसता.

येथे एक विरोधाभास नोंदविण्याजोगा आहे. मिठाच्या बंधनाचा हा दोष सुरक्षेच्या दृष्टीने गुण होता. गोठवलेला, रंग उतरलेला काप अखंड स्टेक म्हणून सहसा कोणाला फसवू शकत नव्हता आणि तो नीट शिजविल्याशिवाय त्याचे बंधनही पक्के होत नव्हते. पुढील काळातील संशोधनाने हा दोष दूर केला आणि त्याबरोबर ही अप्रत्यक्ष राखणही नाहीशी झाली.

थंड बंधनाचा शोध :

१९८० च्या दशकात मीठ आणि उष्णता दोन्हींवाचून, म्हणजे कच्च्या व थंड अवस्थेतच, मांस जोडण्याच्या तीन स्वतंत्र वाटा निघाल्या.

पहिली समुद्रशैवालाची. तपकिरी समुद्रशैवालातून निघणारे अल्जिन हे द्रव्य ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ स्टॅनफर्ड यांनी १८८० च्या दशकाच्या आरंभीच प्रकाशात आणले होते. कॅल्शियमच्या सान्निध्यात त्याचा घट्ट गोळा होतो. कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील मीन्स आणि श्मिट यांनी १९८६ मध्ये या गुणाचा उपयोग करून कच्च्या अवस्थेतही टिकणारा गोमांसाचा काप तयार केला. हे श्मिट म्हणजे १९७७ च्या मायोसिनवरील संशोधनातील सहलेखकच. मिठाच्या मर्यादा ज्याने जवळून पाहिल्या त्यानेच पुढे मीठ टाळण्याचा मार्ग शोधला, हे ओघाचेच म्हणावे लागेल.

दुसरी वाट रक्ताची. जखम झाल्यावर रक्त गोठते तेव्हा थ्रॉम्बिन हे विकर फायब्रिनोजेन या प्रथिनाचे तंतुमय फायब्रिनमध्ये रूपांतर करते. नेदरलँड्समधील टीएनओ या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गाई व डुकरांच्या रक्तद्रवापासून ही दोन द्रव्ये वेगळी काढून, ती मांसाच्या तुकड्यांवर एकत्र करून त्यांना जोडण्याची पद्धत विकसित केली. शीतगृहाच्या तापमानात काही तासांत मांस जुळून येई. कत्तलखान्यात वाया जाणाऱ्या रक्ताला यातून मोल आले, हा या पद्धतीचा आर्थिक पैलूही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

तिसरी वाट जपानची. पुढे बाजार प्रामुख्याने तिनेच व्यापला, म्हणून तिचा विचार थोडा विस्ताराने करणे योग्य ठरेल.

जपानी परंपरा आणि ट्रान्सग्लुटामिनेज :

माशांचे मांस वाटून, मीठ घालून, वाफवून तयार होणारा 'कामाबोको' हा पदार्थ जपानमध्ये बाराव्या शतकापासून ज्ञात आहे. तो बनविणाऱ्या कारागिरांना एक गोष्ट अनुभवाने माहीत होती. वाटलेले मांस शिजविण्यापूर्वी काही काळ सौम्य तापमानात तसेच ठेवले तर ते आपोआप आवळते आणि पदार्थाला विशिष्ट लवचीकपणा येतो. या अवस्थेला ते 'सुवारी' म्हणत. कारण कोणालाच ठाऊक नव्हते आणि कारागिराला त्याची गरजही नव्हती.

कारण दुसऱ्याच वाटेने सापडले. १९५७ मध्ये क्लार्क, वेल्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनीपिगच्या यकृतातील एका विकराला 'ट्रान्सग्लुटामिनेज' हे नाव दिले. हे विकर प्रथिनांतील ग्लुटामीन आणि लायसीन या दोन घटकांमध्ये पक्का रासायनिक दुवा निर्माण करते. रक्त गोठताना फायब्रिनचे जाळे मजबूत करणारा तेरावा घटकही याच कुळातील आहे. त्यामुळे डच पद्धत आणि जपानी पद्धत मुळात एकाच नैसर्गिक क्रियेच्या दोन बाजू ठरतात. माशांच्या मांसातील सुवारीमागे माशाच्या स्वतःच्या शरीरातील ट्रान्सग्लुटामिनेज असते, हे १९९० साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले. तोपर्यंत कामाबोकोचे कारागीर निदान काही शतके हे विकर नकळत वापरीत आले होते.

गिनीपिगच्या यकृतातून मिळणारे विकर उद्योगाच्या कामाचे नव्हते. ते अत्यंत महाग होते आणि त्याला कॅल्शियमची गरज लागे. १९८९ मध्ये जपानी संशोधकांनी मातीतील एका जीवाणूपासून मिळालेल्या ट्रान्सग्लुटामिनेजचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याला कॅल्शियम लागत नव्हते, किण्वनाने ते हवे तेवढे तयार करता येत होते आणि शीतगृहातील थंडाव्यातही ते मंद गतीने काम करीत होते. आजिनोमोतो या कंपनीने १९९० च्या दशकात 'ॲक्टिव्हा' या नावाने ते बाजारात आणले. पांढरी भुकटी मांसाच्या तुकड्यांवर भुरभुरावी, तुकडे एकमेकांवर दाबून, गुंडाळून शीतकपाटात ठेवावेत; दुसऱ्या दिवशी कापून पाहावे तर सांधा सहजासहजी दिसत नाही. रंग टिकतो, मीठ लागत नाही, कापलेला तुकडा कच्चा असतानाही अभंग राहतो.

या भुकटीचे सामाजिक भवितव्य मोठे विलक्षण झाले. न्यूयॉर्कमधील वायली डुफ्रेन यांच्यासारख्या आचाऱ्यांनी तिच्या साहाय्याने कोळंबीपासून शेवया बनविल्या आणि खाद्यसमीक्षकांनी त्याचे कौतुक केले. तीच भुकटी कारखान्यात वापरली जाते हे समजताच २०१० नंतरच्या काळात वृत्तवाहिन्यांनी तिला 'मांसाचा गोंद' म्हणून हिणवले. पहिल्या ठिकाणी खाणाऱ्याला काय खात आहोत हे माहीत होते, दुसऱ्या ठिकाणी नव्हते. इतकाच काय तो भेद, पण तो लहान नाही.

भारतातही या तंत्राचा अभ्यास झालेला आहे. इज्जतनगर येथील भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेत वयस्क म्हशींच्या चिवट मांसाचे मूल्य वाढविण्याच्या हेतूने पुनर्रचित मांसपदार्थांवर प्रयोग करण्यात आले. मात्र येथील स्वयंपाकात मांस पूर्ण शिजविण्याचीच रीत असल्याने प्रस्तुत प्रश्नाची धार आपल्याकडे तितकी जाणवत नाही.

पृष्ठभाग आत गेला :

बंधक द्रव्यांच्या सुरक्षेविषयी दोन भिन्न प्रश्न संभवतात. पहिला, हे द्रव्य स्वतः अपायकारक आहे काय? दुसरा, त्याने जोडलेल्या मांसाचे काय होते? नियमन करणाऱ्या यंत्रणांनी बराच काळ पहिल्याच प्रश्नाचे उत्तर काळजीपूर्वक शोधले आणि ते बहुतांशी समाधानकारक मिळाले. अल्जिन आइस्क्रीममध्येही असते. ट्रान्सग्लुटामिनेज हे प्रथिन असल्याने शिजविताना निष्क्रिय होते आणि त्याने निर्माण केलेले दुवे निसर्गतः अन्नात आढळणारेच आहेत. अमेरिकेच्या कृषी विभागाने २००१ मध्ये मांसपदार्थांत बंधक म्हणून त्याच्या वापरास मान्यता दिली. गव्हातील ग्लुटेनमुळे होणाऱ्या सीलिॲक या विकाराशी मानवी शरीरातील ट्रान्सग्लुटामिनेजचा संबंध १९९७ मध्ये सिद्ध झाल्यानंतर जीवाणूजन्य विकराविषयीही काही संशोधकांनी शंका मांडली. ती अद्याप गृहीतकाच्या पातळीवरच आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र सुरुवातीपासून समोर होते. मांसाचे दहा तुकडे जोडून एक काप केला की त्या दहाही तुकड्यांचे पृष्ठभाग कापाच्या आत जातात. त्यावरील जीवाणूही आत जातात. वरून भाजलेल्या आणि आत लालसर ठेवलेल्या कापात तेथवर पुरेशी उष्णता पोहोचत नाही. शिवाय ते तुकडे एकाच जनावराचे असतील असे नाही. स्टेक म्हणून दिसणारा हा पदार्थ जीवाणूशास्त्राच्या दृष्टीने खिम्याच्या जवळचा असतो.

खिम्याने काय होऊ शकते हे अमेरिकेने पाहिले होते. ई. कोलाय ओ१५७:एच७ हा जीवाणू आजाराचे कारण म्हणून प्रथम ओळखला गेला तो १९८२ मधील, हॅम्बर्गर खाल्ल्यामुळे झालेल्या उद्रेकांनंतर. त्याच्या शंभराहूनही कमी पेशी आजारासाठी पुरेशा ठरू शकतात. लहान मुलांत तो मूत्रपिंडे निकामी करू शकतो. १९९२–९३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम भागातील राज्यांत अपुऱ्या शिजलेल्या हॅम्बर्गरमुळे सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. या घटनेनंतर १९९४ मध्ये हा जीवाणू आढळलेला कच्चा खिमा भेसळयुक्त मानण्याचा निर्णय झाला. त्यापूर्वी शिजविणे ही गिऱ्हाइकाची जबाबदारी मानली जात होती. आता ती उत्पादकाकडे आली.

निर्णय खिम्यापुरताच होता. अखंड मांस त्यातून वगळले गेले ते योग्यच. परंतु अखंड दिसणाऱ्या पण अखंड नसलेल्या मांसाचे काय? जानेवारी १९९९ मध्ये अमेरिकी कृषी विभागाने याचा खुलासा केला. सुया टोचून मऊ केलेले, द्रावण टोचलेले आणि तुकडे जोडून आकार दिलेले गोमांस या सर्वांना 'अखंड नसलेले' ठरवून खिम्याचाच नियम लावण्यात आला. पुनर्रचित स्टेकच्या इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज मानावयास हवा, कारण त्यात प्रथमच दिसण्याऐवजी रचनेला प्रमाण मानले गेले. मात्र तो कारखान्यासाठी होता. स्वयंपाकघरात अखंड गोमांसासाठी ६३ अंश सेल्सिअस आणि खिम्यासाठी ७१ अंश सेल्सिअस हे सल्ले प्रचारात राहिले, आणि आपल्या हातातील काप यांपैकी कोणत्या वर्गात मोडतो हे तो शिजविणाऱ्याला पाहून कळण्याची सोय नव्हती.

जपानमध्ये २००९ च्या उन्हाळ्याच्या शेवटी नेमके हेच घडले. एका उपाहारगृह साखळीत चौकोनी तुकड्यांचा स्टेक तापलेल्या लोखंडी थाळीवर वाढला जाई आणि गिऱ्हाईक तो स्वतः भाजून घेई. हे मांस बंधनप्रक्रिया केलेले होते. ओ१५७ ची लागण अनेक प्रांतांत आढळून आली. गिऱ्हाइकांनी काही चूक केली असे म्हणता येत नाही. स्टेक जसा खातात तसाच त्यांनी तो खाल्ला होता. त्यानंतर जपानच्या आरोग्य मंत्रालयाने अशा मांसाचा मध्यभागही पुरता शिजला पाहिजे, याविषयी उपाहारगृहांना पुन्हा सूचना दिल्या.

नावाचा वाद :

सुरक्षेचा प्रश्न बहुतेक ठिकाणी नावाच्या प्रश्नाच्या रूपाने पुढे आला. जपानच्या निष्पक्ष व्यापार आयोगाने २००५ मध्येच, जोडलेल्या मांसाला 'बीफ स्टेक' म्हणून विकणाऱ्या एका साखळीवर दिशाभूल केल्याबद्दल कारवाई केली होती. २०१३ च्या शरद ऋतूत तेथील नामांकित हॉटेलांच्या खाद्यसूचीतील खोटी नावे उघडकीस आली. त्यांत कोळंबीच्या जातींपासून गोमांसापर्यंत अनेक पदार्थ होते आणि जोडलेल्या मांसाचा स्टेकही होता. परिणामी २०१४ मध्ये कायदा अधिक कडक करण्यात आला. या दोन्ही प्रसंगी मुख्य आरोप फसवणुकीचा होता, आजाराचा नव्हता.

युरोपात हा वाद संसदेत गेला. थ्रॉम्बिन व फायब्रिनोजेनच्या मिश्रणाबाबत युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००५ मध्ये अनुकूल मत दिले होते. त्या आधारे युरोपीय आयोगाने, केवळ वेष्टित मालात आणि स्पष्ट लेबलसह त्याच्या वापरास परवानगी देण्याचा मसुदा मांडला. १९ मे २०१० रोजी युरोपीय संसदेने तो ३७० विरुद्ध २६२ मतांनी फेटाळला. ३२ सदस्य तटस्थ राहिले. मसुदा रोखण्यासाठी किमान ३६९ मते आवश्यक होती, म्हणजे निर्णय एका मताच्या आधिक्याने झाला. संसदेच्या ठरावात दोन मुद्दे होते. तुकडे जोडलेले मांस अखंड असल्याचा ग्राहकाचा समज होईल, हा पहिला. जोडणीमुळे जीवाणूंना मिळणारे क्षेत्र वाढते आणि ही क्रिया थंड अवस्थेत, मीठ वा उष्णतेविना होत असल्याने अंतिम पदार्थाच्या सुरक्षेची हमी देता येत नाही, हा दुसरा. मिठाच्या बंधनाची जी राखण १९८० च्या दशकात गळून पडली होती, तिची नोंद अशा रीतीने एका संसदीय ठरावात पंचवीस वर्षांनी झाली.

वर्तमानपत्रांनी मात्र 'रक्तापासून केलेला गोंद' एवढेच उचलले. ठरावाचा तर्क खरे पाहता प्रत्येक थंड बंधनाला लागू पडत होता. बंदी रक्ताच्या द्रव्यावर आली आणि ट्रान्सग्लुटामिनेज तसेच राहिले. एका द्रव्याविषयीची किळस आणि एका रचनेविषयीची शंका यांची गल्लत झाली असे म्हणणे अन्यायाचे ठरणार नाही.

यानंतर २०११ मध्ये संमत झालेल्या युरोपीय अन्नमाहिती नियमावलीने द्रव्याऐवजी पदार्थाकडे लक्ष वळविले. कोणत्याही बंधकाने जोडलेले मांस अखंड तुकड्याचा भास निर्माण करीत असेल, तर त्यावर 'आकार दिलेले मांस' असे लिहिणे डिसेंबर २०१४ पासून बंधनकारक झाले. अमेरिकेतही ट्रान्सग्लुटामिनेजने जोडलेल्या कापाच्या नावात 'आकार दिलेला' हा शब्द यावा लागतो. तथापि हा शब्द वाचून गिऱ्हाइकाने नेमके काय करावे? तो शब्द मांसाच्या दर्जाविषयी काही सुचवितो, आचेविषयी काहीच नाही. सुया टोचून मऊ केलेल्या गोमांसाच्या बाबतीत अमेरिकेने मे २०१६ पासून शिजविण्याच्या सूचना लेबलवर छापणे सक्तीचे केले, आणि तेही त्या प्रकारच्या मांसामुळे उद्रेक झाल्यानंतर.

याबाबत ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांची संयुक्त अन्नमानक संहिता वेगळी उठून दिसते. तिच्यातील तरतुदीनुसार कच्चे मांस जोडून किंवा आकार देऊन अखंड कापासारखे केले असल्यास तसे जाहीर करावे लागतेच. शिवाय त्याच्या जोडीला, ते जीवाणूंच्या दृष्टीने सुरक्षित होईल अशा प्रकारे कसे शिजवावे याची सूचनाही द्यावी लागते. नाव आणि आच या दोन्ही गोष्टी येथे एकाच वाक्यात बांधल्या आहेत. ही तरतूद करण्यासाठी कोणत्याही नव्या शोधाची आवश्यकता नव्हती. मांसाचा पृष्ठभाग आत गेला आहे एवढे मान्य करणे पुरेसे होते.

युरोपीय नियमावलीत उरलेली एक फट मात्र नोंदविली पाहिजे. २०१० च्या चर्चेत सदस्यांची मोठी चिंता उपाहारगृहांविषयी होती, कारण तेथे ताटात येणाऱ्या कापाला लेबल नसते. २०११ च्या नियमावलीने वेष्टनाविना विकल्या जाणाऱ्या अन्नासाठी केवळ ॲलर्जी निर्माण करणाऱ्या घटकांची माहिती सर्वत्र सक्तीची केली आणि इतर तपशील प्रत्येक सदस्य राष्ट्राच्या निर्णयावर सोपविले. स्टेक आतून किती लाल हवा, हे वाढप्याने विचारण्याची प्रथा त्या उपाहारगृहांत पूर्वीप्रमाणेच चालू आहे.